उपनगराचा वास्तुविशारद कोण?

गेटवे ऑफ इंडिया पाहायला मालाडहून निघालेला माणूस खरे तर आपल्याच गावचा दगड पाहायला जात असतो. ती कमान ज्या पिवळसर बेसॉल्टमध्ये घडवली, तो दगड खारोडीचा. मालाडहून मार्वेकडे जाताना लागते ते हे खारोडी. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, उभे राहिले ते कुर्ल्याच्या करड्या आणि मालाडच्या पिवळसर दगडात. बोरीबंदरशेजारच्या जनरल पोस्ट ऑफिसलाही कुर्ल्याचा दगड लागला आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत मुंबईच्या दक्षिण टोकाला जे भव्य बांधकाम झाले, त्यासाठी साष्टी बेटाच्या, म्हणजे आजच्या उपनगरांच्या, टेकड्या फुटल्या.

त्या इमारतींच्या कर्त्यांची नावे आपल्याला माहीत आहेत. पोस्ट ऑफिस जॉन बेग यांचे. म्युझियम आणि १९२४ मध्ये पुरा झालेला गेटवे जॉर्ज विटेट यांचा. पण ज्या कुर्ला-मालाडातून दगड गेला तिथली, किंवा अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड इथली त्याच काळातली महत्त्वाची वास्तू कोणती आणि ती कोणी आखली, असे विचारले तर बहुतेक जण थबकतात. एखादे चर्च आठवते, एखादी शाळा आठवते. आखणाऱ्याचे नाव आठवत नाही. मग सहज असा समज होतो की उपनगरांना वास्तुकलेचा इतिहासच नाही, तिथे नुसती घरे झाली.

हा समज चुकीचा तर आहेच, पण त्याने नुकसानही होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उपनगरांनी एक मोठे काम केले. नोकरदार, मध्यमवर्गीय माणसाने शहराजवळ कसे राहावे, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी जमिनीवर मांडले. ते उत्तर एका इमारतीत मावत नाही. रस्त्याची रुंदी, भूखंडाचा आकार, सोसायटीचे पोटनियम, दोन घरांमध्ये सोडलेली मोकळी जागा या सगळ्यांत मिळून ते आहे. त्यामुळे त्याचा कर्ताही एकटा नाही. कायदा करणारा सरकारी अधिकारी, जमिनीचे तुकडे आखणारा सर्व्हेअर, वर्गणी गोळा करणारा सोसायटीचा चिटणीस, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून शिकून आलेला तरुण आर्किटेक्ट आणि कौले चढवणारा मिस्त्री, हे सगळे मिळून उपनगराचे वास्तुविशारद आहेत.

गावठाणे, आगगाडी आणि प्लेग

साष्टी मोकळी नव्हती. वर्सोव्यापासून मरोळपर्यंत आणि बांद्र्यापासून मंडपेश्वरपर्यंत कोळी, आगरी, कुणबी आणि ईस्ट इंडियन (इथल्या मूळच्या कॅथलिक) लोकांची गावठाणे होती. भातखाचरे, मिठागरे, ताडामाडाच्या वाड्या आणि मधूनच एखादे पोर्तुगीजकालीन चर्च, असा तो मुलूख होता. ईस्ट इंडियन घराची घडण आजही बांद्र्याच्या रणवारमध्ये किंवा अंधेरीच्या आंबोलीत एखाददुसऱ्या ठिकाणी दिसते: पुढे ओटा किंवा व्हरांडा, लाकडी कठडा, वरच्या मजल्यावर जायला घराबाहेरून जिना, उतरते कौलारू छप्पर. आर्किटेक्टशिवाय घडलेली ही घरे हवा, पाऊस आणि शेजार यांचा नेमका विचार करून बांधलेली होती. पुढच्या पिढीतल्या शिकलेल्या आर्किटेक्टांनी जो व्हरांडा आणि जो छज्जा वापरला, त्याचे मूळ या घरांत आहे.

माहीमचा पूल १८४५ मध्ये झाला. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी गेली आणि १८६७ मध्ये विरारहून बॅकबेकडे लोकल सुरू झाली, तेव्हा वाटेत बोरिवली, पहाडी (म्हणजे आजचे गोरेगाव), अंधेरी, सांताक्रूझ अशी मोजकीच स्थानके होती. तरीही मुंबईच्या माणसाने तिकडे राहायला जाण्याचे मनावर घेतले नव्हते. १८९६ च्या प्लेगने ते मनावर घ्यायला लावले. माणसे शहर सोडून पळाली. काही बांद्रा-अंधेरीकडे झोपड्या, बंगल्या बांधून राहिली. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि हवा, उजेड, रुंद रस्ते हे शब्द घरबांधणीच्या चर्चेत कायमचे आले. ट्रस्टने दादर, माटुंगा, वडाळा आणि शीव भागांत आखलेल्या वसाहती उपनगरांना पुढे धड्यासारख्या उपयोगी पडल्या.

या सुरुवातीच्या काळातली, कर्त्याचे नाव टिकलेली एक वास्तू बांद्र्याच्या टेकडीवर आहे. माउंट मेरीचे आजचे चर्च १९०४ मध्ये शापूरजी चंदाभॉय या पारशी वास्तुविशारदाने बांधले. खर्च आला एक लाख रुपये. कॅथलिक भाविकांचे चर्च, आखणारा पारशी, आणि जत्रेला येणाऱ्यांत सर्व धर्मांची माणसे. त्याच सुमारास जुहूत आणखी मोठा बेत शिजत होता. जमशेटजी टाटांनी तिथे जमीन घेतली होती, बंगला बांधला होता आणि जुहू ताऱ्याची सुमारे १२०० एकर जागा वसवण्याची त्यांची कल्पना होती. १९०४ मध्ये त्यांचे निधन झाले आणि ते काम तिथेच थांबले. पण उपनगर आधी कागदावर आखायचे आणि मग बांधायचे, ही कल्पना मुंबईत रुजू लागली होती.

कायदा हाच पहिला आराखडा

उपनगरांच्या वास्तुकलेतले सर्वांत प्रभावी काम एखाद्या आर्किटेक्टच्या फळ्यावर झाले नाही. ते १९१५ च्या बॉम्बे टाउन प्लॅनिंग अ‍ॅक्टमध्ये झाले. नगररचनेचा देशातला हा पहिला कायदा. मुंबई सरकारचे सल्लागार सर्व्हेअर ए. ई. मिराम्स यांचा त्यामागे मोठा हात होता. पॅट्रिक गेडिस हे थोर नगररचनाकारही त्याच सुमारास भारतात आले आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र शिकवू लागले. एबेनेझर हॉवर्ड यांची उद्यान-नगराची कल्पना इंग्लंडमध्ये गाजत होती. या सगळ्याचा परिणाम साष्टीच्या शेतांवर झाला.

कायद्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. शेते वेडीवाकडी, लांबट, वाटेविना असतात. सरकारने सक्तीने सगळी जमीन घेतली तर पैसा लागतो आणि मालक नाडला जातो. त्याऐवजी एका भागातल्या सगळ्या जमिनी कागदावर एकत्र आणायच्या, त्यांतून रस्ते, बागा, शाळा यांसाठी जागा काढायची आणि उरलेल्या जमिनीचे चौकोनी, रस्त्याला लागून असलेले भूखंड पाडून मूळ मालकांना परत द्यायचे. मूळ तुकडा तो 'ओरिजिनल प्लॉट', परत मिळालेला तो 'फायनल प्लॉट'. वाटणी आणि मोबदल्याचे निवाडे लवादाने करायचे. जमिनीची किंमत वाढते, त्या वाढीचा एक हिस्सा मालकाने योजनेच्या खर्चासाठी द्यायचा.

बांद्रा, सांताक्रूझ, विलेपार्ले, अंधेरी, बोरिवली, घाटकोपर इथे एकामागून एक अशा योजना आल्या. 'टी.पी.एस.' आणि पुढे आकडा, ही खूण आजही पत्त्यांत, रस्त्यांच्या नावांत आणि प्रॉपर्टी कार्डावर सापडते. आपल्या इमारतीच्या कागदावर एफ. पी. नंबर असेल तर आपण शंभर वर्षांपूर्वीच्या एका आखणीत राहतो, असे समजावे. सांताक्रूझ-पार्ल्याच्या गल्ल्या एकमेकींना सरळ का कापतात, प्रत्येक घराला रस्ता का आहे, याचे उत्तर या योजनांत आहे. ज्या भागांत योजना पोचली नाही तिथे आज गल्ली कुठे संपते ते कळत नाही; फरक चालता चालता लक्षात येतो.

१९२० मध्ये ठाणे जिल्ह्यातून मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला. त्याच वर्षी गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या पुढाकाराने डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आले. बीडीडी चाळींमुळे हे खाते आपल्याला माहीत आहे. पन्नास हजार खोल्यांचा संकल्प होता. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी आणि सोळा हजारांवर खोल्या झाल्या. याच खात्याच्या काळात साष्टीतही वस्त्या आणि दळणवळण वाढवण्याचे बेत झाले. १९२८ मध्ये अंधेरी ते तुर्भे (ट्रॉम्बे) अशी साष्टीला आडवी छेदणारी रेल्वे सुरू झाली. १९३४ मध्ये ती बंद पडली. पूर्व आणि पश्चिम उपनगरे जोडण्याची गरज तेव्हाच कुणाला तरी कळली होती, पण प्रवासी मिळण्याआधीच रूळ उखडले गेले. पुढे घाटकोपर ते वर्सोवा मेट्रो २०१४ मध्ये धावू लागली, तोवर मध्ये ऐंशी वर्षे गेली.

विजेच्या गाडीने उपनगराला शहराशी खऱ्या अर्थाने बांधले. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला, आणि १९२८ च्या जानेवारीत कुलाबा ते बोरिवली. खारचे स्थानक १९२४ मध्ये झाले ते तिथल्या नव्या वसाहतीच्या आधारावरच. कचेरीतला कारकून संध्याकाळी वेळेवर घरी पोचू लागला, तेव्हा कुठे अंधेरी-बोरिवलीत घर घेणे हा वेडेपणा राहिला नाही.

मुलुंडची जाळी, घाटकोपरच्या गल्ल्या

पूर्वेकडे या आखणीचा सर्वांत स्पष्ट नमुना मुलुंड आहे. १९२२ मध्ये क्राउन अँड कार्टर या वास्तुविशारदांनी मुलुंडचा आराखडा केला. स्थानकापासून पाच रस्त्यापर्यंत सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे रस्ते आणि शेवटी पाच वाटा एकत्र येतील असा चौक. मुलुंड पश्चिमेला स्थानकातून बाहेर पडून आजही सरळ चालत गेले की या जाळीचा प्रत्यय येतो. दुकानांच्या पाट्या, रिक्षा, फेरीवाले यांनी रस्ता भरलेला असतो, तरी दिशा चुकत नाही. परगावचा माणूसही मुलुंडमध्ये हरवत नाही, याचे श्रेय कागदावर रेघा मारणाऱ्या त्या दोन नावांना द्यायला हवे. मुलुंडमध्ये मात्र त्यांच्या नावाची आठवण कुठे निघत नाही.

घाटकोपरची घडण वेगळी. तिथे एका आराखड्यापेक्षा गुजराती आणि कच्छी व्यापारी कुटुंबांच्या वसाहतींनी गावाला आकार दिला. कामा लेन, हिंगवाला लेन अशी गल्ल्यांची नावेच जुन्या जमीनमालकीची साक्ष देतात. एका बाजूला देरासर, दुसऱ्या बाजूला शाळा, मध्ये दोन-तीन मजली घरे आणि मागे टेकडी. साष्टीतली अनेक गावे इनामाने किंवा खोतीने मोठ्या घराण्यांकडे होती. त्या मालकांनी भूखंड पाडले तसे उपनगर वाढले. म्हणून मुलुंडमध्ये आर्किटेक्टचा हात दिसतो, पार्ल्यात सरकारी योजनेचा, आणि घाटकोपरमध्ये जमीनमालकाचा.

सोसायटी: वर्गणीतून उभे राहिलेले गाव

उपनगरी वास्तुकलेतली सर्वांत मोलाची कल्पना सहकाराने दिली, असे मला वाटते. श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या प्रयत्नांतून १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी नोंदली गेली. आशियातली पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणून तिचे नाव घेतले जाते. ती शहरात होती, पण तिचा धडा उपनगरांनी सर्वाधिक गिरवला. बांद्र्यात १९१८ मध्ये साल्सेट कॅथलिक को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी झाली. सांताक्रूझला सारस्वत कॉलनी झाली. जोगेश्वरीला सरस्वतीबाग झाली, पु. ल. देशपांडे यांचे बालपण याच नव्या वसाहतीत गेले आणि नंतर त्यांचे कुटुंब पार्ल्याला आले. पारशी समाजाचे जोगेश्वरीतले माल्कम बाग याच वळणाचे.

शहरातल्या सोसायटीत सभासद भाडेकरूसारखा राही आणि इमारत संस्थेची असे. उपनगरात जमीन स्वस्त होती, त्यामुळे संस्थेने जमीन घ्यायची, तिचे भूखंड पाडायचे आणि सभासदाने आपल्या ऐपतीप्रमाणे घर बांधायचे, ही रीत सोयीची ठरली. घर कुणाचे कसेही असो, रस्त्यापासून किती अंतर सोडायचे, किती मजले चढवायचे, आवारात गोठा ठेवायचा की नाही, हे संस्था ठरवी. पोटनियम हा इथे वास्तुविशारदाइतकाच प्रभावी होता. घरे निरनिराळ्या हातांची असूनही वसाहत एकजीव दिसे ती यामुळे.

या रीतीला एक काळी बाजूही होती, ती नोंदवायला हवी. बऱ्याच संस्था एका जातीच्या किंवा एका समाजाच्या होत्या. एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांनीच एकमेकांच्या कर्जाची हमी घ्यावी, हा त्यामागचा व्यवहार होता. पण परक्याला दार बंद, हाही त्याचाच अर्थ होता. दलित कामगाराला, गिरणीतल्या बदली मजुराला या सुंदर वसाहतींत जागा नव्हती. त्याच्या वाट्याला चाळ आली किंवा गावठाणाच्या कडेची झोपडी आली.

सोसायटीने घराबरोबर सार्वजनिक वास्तूही दिल्या. पार्ल्याचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. १ ऑगस्ट १९२० ला लोकमान्य गेले. पुढच्याच वर्षी पार्ले टिळक विद्यालय सुरू झाले आणि १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ स्थापन झाला. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात पार्ल्याला छावणी पडली. टिळक मंदिर, शाळा, दवाखाना, वाचनालय अशा वास्तूंभोवती वस्ती जमली. रस्त्यांना महात्मा गांधी, नेहरू, सुभाष अशी नावे मिळाली. या इमारती शिल्पाच्या दृष्टीने साध्या आहेत. दगडी जोते, उंच खिडक्या, मोठे सभागृह. पण नव्याने एकत्र आलेल्या अनोळखी माणसांना शेजारी करण्याचे काम त्यांनी केले.

जोगेश्वरीच्या टेकडीवरचे इस्माईल युसुफ कॉलेज १९३० मधले. सर मोहम्मद युसुफ यांच्या देणगीतून उभे राहिलेले हे सरकारी महाविद्यालय उपनगरातले पहिले. बोरिवली-अंधेरीच्या मुलाला कॉलेजसाठी एल्फिन्स्टन किंवा विल्सनपर्यंत जावे लागत असे. आता ज्ञान टेकडी चढून मिळू लागले.

कौल, चुना आणि मग सिमेंट

या घरांचे शरीर पाहिले तर तीस-चाळीस वर्षांत झालेला बदल थक्क करणारा आहे. १९०० च्या आसपासचे उपनगरी घर दगडी जोत्यावर, विटा आणि चुन्यात उभे राही. सागाचे खांब, वर मंगलोरी कौले. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला सुरू केलेल्या कारखान्याचे हे कौल गलबतांनी मुंबईला येई. पुढे ओटा किंवा पडवी, मागे मोरी, संडास आवारात लांब, विहिरीपासून दूर.

मग सिमेंट आले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात देशात त्याचे कारखाने निघाले आणि १९३६ मध्ये अनेक कंपन्या एकत्र येऊन एसीसी झाली. पायाखालच्या लादीतही स्वदेशी आली: फिरोजशा सिधवा यांची भारत टाइल्स १९२२ मध्ये सुरू झाली आणि इंग्लंड-इटलीच्या लाद्यांऐवजी उरणच्या कारखान्यातल्या नक्षीदार सिमेंटच्या लाद्या मध्यमवर्गीय दिवाणखान्यात आल्या. आरसीसीमुळे कोपऱ्यात खांबाविना खिडकी वळवता आली, गॅलरी भिंतीबाहेर तरंगवता आली, आणि कौलांच्या जागी गच्ची मिळाली. पापड वाळवणे, उन्हाळ्यात झोपणे, संक्रांतीला पतंग, या सगळ्या गोष्टी गच्चीवर गेल्या.

१९३० नंतरच्या या घरांना आज आर्ट डेको म्हणतात. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलभोवतीच्या अशा इमारतींना २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाले. तीच भाषा बांद्रा, खार, सांताक्रूझ, पार्ले, घाटकोपर, मुलुंड इथे दोन-तीन मजली, मध्यमवर्गीय रूपात बोलली गेली: गोलाई दिलेल्या गॅलऱ्या, खिडकीवर भुवईसारखा छज्जा, जिन्याच्या भिंतीत जहाजाच्या खिडकीसारखे गोल झरोके, लोखंडी गजांत उगवत्या सूर्याचे किरण, आणि दर्शनी भिंतीवर सिमेंटमध्ये उठावाने कोरलेले घराचे नाव, कुठे सदन, कुठे निवास, कुठे कुंज. श्रीमंतांसाठी समुद्रकिनारी जे झाले ते उपनगरात शिक्षक, वकील आणि कारकून यांच्या ऐपतीत बसवले गेले. डिझाइनच्या दृष्टीने हे काम अधिक कठीण आहे.

आतली रचनाही बदलली. चाळीतल्या खोलीच्या जागी 'ब्लॉक' आला: स्वतंत्र दार, स्वतंत्र स्वयंपाकघर, आणि सर्वांत मोठी क्रांती म्हणजे घरातच संडास-न्हाणीघर. सोवळे-ओवळे पाळणाऱ्या घरांना हे सहज पचणारे नव्हते. म्हणून सुरुवातीच्या ब्लॉकांत संडास एका टोकाला, गॅलरीतून जाता येईल असा दिसतो. नकाशातली ती एक गॅलरी त्या पिढीची तडजोड सांगते. पुण्याचे अभियंते रावसाहेब आर. एस. देशपांडे यांनी या विषयावर सामान्य माणसासाठी पुस्तके लिहिली. १९३९ चे 'मॉडर्न आयडियल होम्स फॉर इंडिया' त्यातलेच. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने १९३७ मध्ये मुंबईच्या टाउन हॉलमध्ये आदर्श घराचे प्रदर्शन भरवले. घर कसे असावे, हा विषय दिवाणखान्यात चर्चेला आला होता.

फळ्यामागची माणसे

ही घरे आखणारे आले कुठून? मुख्यतः जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून. तिथे १८९६ मध्ये आरेखकांचा वर्ग सुरू झाला आणि १९१३ मध्ये रॉबर्ट केबल यांच्या हाताखाली वास्तुकलेचे स्वतंत्र शिक्षण. १९२३ ते १९४३ अशी वीस वर्षे क्लॉड बॅटली तिथे प्रमुख होते. त्यांनी विद्यार्थ्यांना भारतीय वाडे, ओसऱ्या, जाळ्या मोजून रेखाटायला लावले. परदेशी मासिकातली इमारत उचलून आणू नका, हा त्यांचा आग्रह. विद्यार्थ्यांची १९१७ मध्ये स्थापन झालेली संघटना १९२९ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाली. १९१७ च्या मूळ संघटनेचे पहिले अध्यक्ष विटेट.

या शाळेच्या पिढीतले गजानन बाबुराव म्हात्रे (१९०२ ते १९७३) हे मराठी माणसाने अभिमानाने घ्यावे असे नाव. मरीन ड्राइव्हवरच्या एका कोपऱ्यावरचा सूना महाल (१९३७) त्यांचा. भिंतींच्या साध्या गोलाईतून, रंगाच्या पट्ट्यांतून इमारतीला चेहरा देण्याची त्यांची हातोटी पुढे शहरभर अनुकरली गेली. मास्टर, साठे अँड भुता या पेढीने फोर्टमध्ये न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची इमारत बांधली. तिच्यावरची शिल्पे ना. ग. पानसरे यांची. या नावांत 'साठे' आणि 'म्हात्रे' आहेत, हे महत्त्वाचे. एका पिढीपूर्वी मराठी माणूस साहेबाच्या हाताखाली सुपरवायझर किंवा ड्राफ्ट्समन असे. आता नकाशावर त्याची स्वतःची सही येऊ लागली.

आणि बोरिवलीसाठी एक नाव विशेष. पेरिन जमशेदजी मिस्त्री यांनी १९३६ मध्ये जे. जे. मधून वास्तुकलेची पदविका घेतली. भारतातली पहिली स्त्री-आर्किटेक्ट म्हणून त्यांचा मान आहे. वडिलांच्या डिचबर्न, मिस्त्री अँड भेदवार या पेढीत त्या भागीदार झाल्या. कंबाला हिलचे सेंट स्टीफन्स चर्च त्यांचे, आणि बोरिवलीची खटाऊ मिलही त्यांची. बोरिवलीच्या लोकांनी पिढ्यानपिढ्या ज्या गिरणीचा भोंगा ऐकला, तिच्या आखणीत देशातल्या पहिल्या स्त्री-आर्किटेक्टचा हात आहे. ही गोष्ट तिथल्या शाळांत सांगायला हवी.

उद्योगांच्या वास्तूंनीही उपनगर घडवले. १९२८ चा जुहूचा विमानतळ, जिथे १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले. १९२९ मध्ये सुरू झालेला पार्ल्याचा बिस्किट-गोळ्यांचा कारखाना. १९३४ चा मालाडचा बॉम्बे टॉकीज स्टुडिओ. यांच्याभोवती कामगारांच्या चाळी, खानावळी, वसाहती वाढल्या.

तरी बहुसंख्य उपनगरी घरांवर कुणाचेच नाव नाही. याचे कारण साधे आहे. १९७२ च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टपूर्वी आर्किटेक्ट म्हणवून घ्यायला नोंदणीची अट नव्हती. नगरपालिकेकडे नकाशा दाखल करायला लायसन्सधारक सर्व्हेअर पुरे. त्यांतले कित्येक जण जे. जे. च्या आरेखक वर्गातून, तर काही मिस्त्रीच्या घराण्यातून आलेले. त्यांनी दक्षिण मुंबईतली इमारत पाहिली, ती आपल्या गल्लीच्या रुंदीत आणि मालकाच्या खिशात बसवली. वास्तुकला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पोचली ती यांच्याच हातांनी.

आज काय उरले आहे

१९५० मध्ये महापालिकेची हद्द अंधेरी-जोगेश्वरी आणि घाटकोपर-भांडुपपर्यंत, आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. १९४७ च्या भाडे नियंत्रणामुळे घरमालकाला दुरुस्तीची गोडी राहिली नाही. त्यानंतर पुनर्विकास आला. ज्या भूखंडावर तीन मजली, बारा ब्लॉकांची इमारत होती तिथे पंधरा-वीस मजले उभे राहतात. जुन्या इमारतीत जिना चढू न शकणाऱ्या आजीला लिफ्ट हवी, गळक्या गच्चीला उपाय हवा, तरुण मुलाला आणखी एक खोली हवी. या गरजा खऱ्या आहेत. त्या नाकारून 'जुने ते जपा' म्हणणे अन्यायाचे होईल.

पण जपायचे काय, याची आपली कल्पनाच अपुरी आहे. १९९५ मध्ये मुंबईसाठी वारसा-नियम झाले, देशात प्रथमच. त्यांच्या यादीचा भर नावाजलेल्या, भव्य, एकेकट्या इमारतींवर आहे. उपनगराचे वैशिष्ट्य एकेका इमारतीत नसून मांडणीत असल्याने ते अशा यादीतून निसटते. पार्ल्याची एक इमारत पाडली तर यादीला काही होत नाही. पण वीस पाडल्या की गल्ली संपते. रस्त्यापासून सोडलेली मोकळी जागा पार्किंगने भरते, गुलमोहर जातो, ओट्यावर बसणारे कुठे बसणार हा प्रश्नही उरत नाही.

म्हणून मला दोन गोष्टी तातडीच्या वाटतात. एक, नगररचना योजनांचे रस्ते, बागा, शाळांच्या जागा आणि इमारतींमधली अंतरे हाच उपनगराचा वारसा मानून त्यांना हात लावू न देणे. इमारत नवी होऊ शकते. शंभर वर्षांपूर्वी लोकांनी आपल्या शेतांतून रस्त्यासाठी दिलेली जमीन पुन्हा मिळणार नाही. दोन, पाडण्याआधी नोंद. पुनर्विकासाची प्रक्रिया सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९(अ) च्या निर्देशांप्रमाणे सभा, ठराव, प्रकल्प सल्लागार अशा टप्प्यांतून जाते. त्यात आणखी एक टप्पा सोसायटीने स्वतःहून घालावा: इमारतीचे मोजमाप, छायाचित्रे आणि मूळ नकाशाची प्रत जवळच्या आर्किटेक्चर कॉलेजला आणि वाचनालयाला देणे. दोन विद्यार्थी एका आठवड्यात हे काम करू शकतात. पार्ले, मुलुंड, घाटकोपरच्या वाचनालयांत अशा नोंदी जमल्या तर दहा वर्षांत उपनगराचा खरा वास्तु-इतिहास लिहिता येईल.

त्याची सुरुवात बऱ्याच सोसायट्यांच्या लोखंडी कपाटातून होऊ शकते. तिथे कन्व्हेयन्सच्या कागदांखाली, जुन्या ताळेबंदांमध्ये, घडी पडून विरत चाललेला एक निळा नकाशा बहुधा असतो. त्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात चौकट असते: मालकाचे नाव, टी.पी.एस.चा आकडा, एफ. पी. नंबर, तारीख, आणि आखणाऱ्याची सही. पुढच्या सर्वसाधारण सभेत विकासकाची निवड होण्याआधी ती सही मोठ्याने वाचून दाखवावी आणि इतिवृत्तात लिहून घ्यावी. उपनगराचा वास्तुविशारद कोण, याचे उत्तर त्या कोपऱ्यांत लिहिलेले आहे. एकेका कपाटातून ते बाहेर काढायचे आहे.